मद्य, मोटार आणि माप

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकानें १९१९ सालापासून मराठी मनांत मद्यप्याची एक मूर्ति कायमची ठसविली आहे. सुधाकराचें नांव निघालें कीं झोकांड्या, अडखळती वाणी, धुळीस मिळालेलें घर आणि मुकाट्यानें सोसणारी सिंधु हीं डोळ्यांसमोर उभीं राहतात. मद्यानें होणाऱ्या नाशाचें तें चित्र खरें आहे. परंतु रस्त्यावरच्या मृत्यूंचा विचार करतांना तेंच चित्र फसवें ठरतें. शेवटच्या अंकांतला सुधाकर मोटारीपर्यंत पोंचणारच नाहीं. पोंचला तरी चार माणसें त्याच्या हातांतील किल्ली काढून घेतील. ज्याला कोणीहि अडवीत नाहीं तो मनुष्य निराळा. तो मेजवानी आटोपून उठतो, हंसतमुखानें यजमानांचा निरोप घेतो, जिना नीट उतरतो, पत्नीसाठीं मोटारीचें दार अदबीनें उघडतो आणि आपल्याला कांहींएक झालेलें नाहीं असें सांगून चाकापाशीं बसतो. तो खोटें बोलत नसतो. त्याला खरोखरीच तसें वाटत असतें. गेल्या शंभर वर्षांत वैद्यकानें, कायद्यानें आणि संख्याशास्त्रानें या विषयांत जें ज्ञान मिळविलें तें बहुतेक या एका मनुष्याविषयींचें आहे.

मद्यांतील मादक द्रव्य म्हणजे अल्कोहोल. अन्नाप्रमाणें त्याचें पचन व्हावें लागत नाहीं. जठरांतून थोडें आणि लहान आंतड्यांतून पुष्कळसें तें जसेंच्या तसें रक्तांत उतरतें, आणि शरीरांत जेथें जेथें पाणी आहे तेथें तेथें पसरतें. मेंदूला रक्ताचा पुरवठा मोठा असल्यामुळें तेथें तें लवकर जातें. पोट रिकामें असेल तर हा प्रवास झपाट्यानें होतो, भरलेलें असेल तर सावकाश. स्त्रीच्या शरीरांत वजनाच्या मानानें पाण्याचा अंश पुरुषापेक्षां कमी असतो, म्हणून तेवढ्याच पेल्यानें तिच्या रक्तांतील अल्कोहोलचें प्रमाण अधिक चढतें. चढण्याच्या वाटा अशा अनेक असल्या तरी उतरण्याची वाट जवळजवळ एकच, ती यकृताची. आणि यकृत हें एखाद्या जुन्या कचेरींतल्या कारकुनासारखें आहे. मेजावर कागदांचा ढीग कितीहि सांचो, त्याच्या कामाचा वेग बदलत नाहीं. माणसामाणसांत थोडाफार फरक धरला तरी शंभर मिलिलिटर रक्तामागें तासाला सुमारें १५ मिलिग्रॅम अल्कोहोल नाहींसें होतें. काळी कॉफी, लिंबाचें सरबत, डोक्यावर ओतलेलें गार पाणी, उघड्या खिडकींतून येणारा वारा यांपैकीं कशानेंहि हा वेग वाढत नाहीं. कॉफीनें फार तर झोंप उडते, आणि पेंगणाऱ्या मद्यप्याच्या जागीं जागा मद्यप्या चाकापाशीं बसतो.

मोटार हांकणें हें हातापायांचें काम आहे असा सर्वसाधारण समज असतो. तें मुख्यतः लक्ष वांटण्याचें काम आहे. समोरचा ट्रक, डाव्या बाजूची सायकल, आरशांतून दिसणारी मागची बस, पदपथाच्या कडेला घुटमळणारें मूल, पुढच्या चौकांतला दिवा, या सर्वांवर मन एकाच वेळीं थोडें थोडें ठेवावें लागतें, आणि त्यांतून क्षणोक्षणीं निर्णय करावे लागतात. अल्कोहोल पहिला घाला येथेंच घालतें. पाय लटपटूं लागण्याच्या कितीतरी आधीं लक्षाची ही वांटणी बिघडते. मनुष्य एकाच गोष्टीकडे पाहूं लागतो आणि बाकीच्या त्याच्या दृष्टीआड होतात. समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतानें दिपलेली दृष्टि पूर्ववत् व्हावयास अधिक वेळ लागतो. आणि या सर्वांबरोबर, किंबहुना सर्वांच्या आधीं, स्वतःला पारखण्याची शक्ति मंदावते. ज्या बुद्धीनें आपण ठीक आहों कीं नाहीं हें ठरवावयाचें ती बुद्धिच पहिल्या पेल्यांत भिजलेली असते.

ताशी ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडावयास अर्धा सेकंद अधिक लागला तर ब्रेक लागण्यापूर्वीं ती आठ मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते. रस्ता ओलांडणारा मनुष्य आणि मोटारीचें तोंड यांमधलें अंतर पुष्कळ वेळां याहून कमी असतें. वेग दुप्पट झाला कीं धडकेचा जोर चौपट होतो, आणि मद्य घेतलेला चालक वेग वाढवावयास सहसा कचरत नाहीं. म्हणूनच मद्याचा वांटा किरकोळ धक्क्यांपेक्षां प्राणघातक टकरींत नेहमींच मोठा दिसतो. रस्ता रात्रींचा व मोकळा, वेग भरमसाट, पट्टा बांधलेला नाहीं, दुचाकी असली तर शिरस्त्राण घरीं, आणि ब्रेक उशिरां लागलेला किंवा लागलेलाच नाहीं, अशी सगळी जुळणी मद्य एकटेंच करून देतें. पायीं चालणारा मद्यप्याहि याच कारणांनीं चाकाखालीं सांपडतो. त्याची गणती मात्र फारसें कोणी करीत नाहीं.

अशा चालकाला ओळखावयाचा कसा, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. १८९७ सालीं, १० सप्टेंबर रोजीं, लंडनमधल्या न्यू बाँड स्ट्रीटवर विजेवर चालणाऱ्या एका भाड्याच्या गाडीच्या चालकानें ती एका इमारतींत घातली. त्यानें बिअर घेतल्याचें कबूल केलें आणि त्याला वीस शिलिंग दंड झाला. त्यानें कबूल केलें नसतें तर पोलिसापाशीं आपल्या डोळ्यांवांचून आणि नाकावांचून दुसरा पुरावा नव्हता. पुढें डॉक्टरांना बोलावण्याची पद्धति पडली. ते संशयिताला खडूच्या रेघेवरून चालावयास लावीत, डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावावयास सांगत, जीभ वळणार नाहीं असे शब्द उच्चारावयास देत. कच्चा पापड पक्का पापड म्हणतांना शुद्धीवरचीं माणसेंहि अडखळतात हें येथें आठवावें. सराईत पिणारा या परीक्षांतून सहीसलामत सुटे. आणि डोक्याला मार लागलेला अथवा रक्तांतली साखर उतरलेला मधुमेही झोंकांड्या देतो म्हणून मद्यपी ठरे. मद्याचा वास येत असलेल्या जखमी माणसाच्या कवटीच्या आंतला रक्तस्राव नुसती नशा म्हणून नजरेआड होण्याचा धोका तर रुग्णालयांत अद्यापहि असतो.

या गोंधळांतून वाट काढली ती रसायनशास्त्रानें. स्वीडनमधील लुंड येथील शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनीं १९२२ सालीं बोटाच्या टोंकांतून घेतलेल्या थोड्याशा रक्तांतील अल्कोहोल मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९३२ सालच्या ग्रंथांत तें रक्तांत कसें चढतें व कोणत्या गतीनें उतरतें याचें गणित मांडलें. १९३६ सालीं नॉर्वेनें या मापाला कायद्याचें रूप दिलें. शंभर मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळलें कीं चालक दोषी. तो झिंगलेला दिसत होता कीं नव्हता याची चौकशीच नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें हें मोठेंच पाऊल होतें. तोंवर गुन्हा होता नशेचा. आतां गुन्हा झाला प्रमाणाचा.

रस्त्याच्या कडेला प्रत्येकाचें रक्त काढणें शक्य नव्हतें. त्यावर उपाय श्वासानें दिला. फुप्फुसांत रक्त आणि हवा यांच्यामध्यें अतिशय पातळ पडदा असतो, आणि अल्कोहोल उडून जाणारें द्रव्य असल्यामुळें रक्तांतून हवेंत ठराविक प्रमाणांत येतें. सुमारें २१०० मिलिलिटर खोल श्वासांत जेवढें अल्कोहोल असतें तेवढें एक मिलिलिटर रक्तांत, असें प्रमाण व्यवहारांत धरण्यांत आलें. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे रोला हार्गर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत या तत्त्वावर एक यंत्र बनविलें. त्यांत फुग्यांत फुंकर मारावयाची आणि ती हवा जांभळ्या परमँगनेटच्या द्रवांतून सोडावयाची; रंग उडाला त्या मानानें अल्कोहोल. १९५४ सालीं त्याच राज्याच्या पोलीसदलांत काम केलेले रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीं त्याहून सुटसुटीत व बिनचूक यंत्र तयार केलें, आणि तें जगभर पसरलें. लवंग, वेलदोडा किंवा मसाल्याचें पान चघळून यंत्राला चकवितां येतें अशी समजूत आपल्याकडे बरीच रूढ आहे. पानानें वास झांकतो. यंत्राला वासाशीं कर्तव्य नसतें. तें अल्कोहोल मोजतें, आणि तें पानाखालीं झांकत नाहीं.

माप हातीं आलें, परंतु मर्यादा कोठें आंखावयाची? येथें एक साधी पण वारंवार होणारी चूक आड येत असे. अपघातांत सांपडलेल्या इतक्या चालकांनीं मद्य घेतलें होतें, एवढें सांगून कांहींच सिद्ध होत नाहीं. त्याच वेळीं त्याच रस्त्यावरून सुखरूप गेलेल्यांपैकीं कितींनीं घेतलें होतें हें कळल्यावांचून पहिल्या आंकड्याला अर्थ नाहीं. ही तुलना प्रथम व्यवस्थित करण्यांत आली ती अमेरिकेंत शिकागोजवळच्या एव्हॅन्स्टन गांवीं, आणि ती १९३८ सालीं प्रसिद्ध झाली. अपघातांत जखमी होऊन रुग्णालयांत आलेले २७० चालक एका बाजूला आणि रस्त्यांवरचे १,७५० सामान्य चालक दुसऱ्या बाजूला ठेवले, तेव्हां मद्य घेतलेल्यांचें प्रमाण पहिल्यांत जवळजवळ निम्मे आणि दुसऱ्यांत शेंकडा बाराच्या आसपास निघालें.

याहून फार मोठी पाहणी बोर्केनस्टाइन यांनीं मिशिगन राज्यांतील ग्रँड रॅपिड्स शहरांत १९६२ व १९६३ सालीं केली. अपघातांत सांपडलेले सुमारें सहा हजार चालक आणि तशाच जागीं, तशाच वारीं, तशाच वेळीं थांबविलेले सुमारें साडेसात हजार चालक यांचे श्वास तपासण्यांत आले. रक्ताच्या भाषेंत सांगावयाचें तर, शंभर मिलिलिटरमागें ६० मिलिग्रॅमवर अपघात घडविण्याचा संभव मद्य न घेतलेल्याच्या दुप्पट, १०० वर सहा ते सातपट, आणि १५० वर सुमारें पंचवीसपट आढळला. अल्कोहोल दीडपट वाढलें तर धोका दीडपटीनें नव्हे, चौपटीनें वाढला. शेवटच्या पेल्याचें वजन पहिल्यापेक्षां भारी असतें तें असें.

या पाहणींत एक चमत्कारिक गोष्टहि दिसली, आणि मद्याच्या चाहत्यांनीं ती आनंदानें उचलली. १० ते ४० मिलिग्रॅमच्या टप्प्यांत असलेल्यांचा धोका अजिबात न घेणाऱ्यांहून किंचित् कमी दिसत होता. थोडी घेतली तर हात सुधारतो कीं काय? १९७३ सालीं त्याच आंकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हां हें कोडें सुटलें. नेहमीं पिणारे आणि क्वचित् पिणारे हे मुळांतच निराळे चालक होते. वय, अनुभव, रस्त्यावरचा सराव सारेंच भिन्न. त्यांची एकत्र सरमिसळ केल्यामुळें तो खळगा पडला होता. प्रत्येक गट निराळा मांडतांच कोणत्याहि गटांत मद्यानें धोका कमी झालेला दिसेना; पहिल्या पायरीपासून तो वाढतच होता. आंकडे खोटें बोलत नाहींत असें म्हणतात, परंतु त्यांना प्रश्न नीट विचारावा लागतो.

ब्रिटननें ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासपरीक्षा ९ ऑक्टोबर १९६७ पासून अमलांत आणली. त्या वेळच्या वाहतूकमंत्री बार्बरा कासल स्वतः मोटार चालवीत नसत, आणि पुरुषांच्या विरंगुळ्यावर एका मोटार न हांकणाऱ्या बाईनें घाला घातला अशी ओरड झाली. परंतु पहिल्या वर्षांत मृत्यु हजारांहून अधिक संख्येनें घटले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनीं हे आंकडे वेळेनुसार वेगळे करून पाहिले. आठवडाअखेरच्या रात्रीं, म्हणजे पिण्याच्या वेळीं, मृत्यु व गंभीर दुखापती प्रारंभीं सुमारें दोन-तृतीयांशांनीं उतरल्या होत्या. लोकांच्या कामावर जाण्यायेण्याच्या वेळीं जवळजवळ कांहींच फरक नव्हता. कायद्याचा परिणाम यापेक्षां स्वच्छ दिसणें कठीण. आणि मग, कांहीं वर्षांतच, तो विरूं लागला. रॉस यांनीं दिलेलें कारण साधें होतें. नळींत फुंकावयाची पाळी फार थोड्यांवर येते हें लोकांना हळूहळू कळलें. शिक्षा तीच राहिली, मर्यादा तीच राहिली, धाक ओसरला.

हा धडा ऑस्ट्रेलियानें घेतला. न्यू साउथ वेल्समध्यें १७ डिसेंबर १९८२ पासून पोलिसांना संशयाचें कारण नसतांहि वाटेल त्या चालकाला थांबवून श्वास तपासण्याची मुभा मिळाली, आणि तपासण्या तुरळक न ठेवतां मोठ्या संख्येनें, सर्वांना दिसतील अशा ठिकाणीं करण्यांत आल्या. प्राणघातक अपघात सुमारें एक-पंचमांशानें घटले आणि ही घट वर्षानुवर्षें टिकली. निरोप घेतांना पाहुण्याला नाहीं म्हणावयास एक कारणहि मिळालें, आणि मंडळींत पेला नाकारणें अवघड असतें हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची किंमत सांगावयास नको.

हिंदुस्थानांत १९३९ चा मोटार वाहन कायदा जुन्याच वाटेनें गेला होता. वाहनावर योग्य ताबा ठेवतां येणार नाहीं इतपत अंमल चढलेला असावा, असे त्याचे शब्द होते. इतपत म्हणजे किती हें पुन्हां डोळ्यांवरच आलें. महाराष्ट्रांतून गेलेल्या एका मोटार-अपघाताच्या खटल्यांत १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणें आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य नशेंत होता असें ठरवितां येत नाहीं. रक्ताची परीक्षा हवी. १९८८ च्या कायद्यानें प्रथम दुसरें टोंक गांठलें: रक्तांत कितीहि अल्प अल्कोहोल असलें तरी गुन्हा. १९९४ सालीं तें बदलून शंभर मिलिलिटरमागें ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली गेली, आणि ती ब्रिटनच्या ८० पेक्षां बरीच कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. महामार्गांच्या कडेच्या मद्यविक्रीवर सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं ५०० मीटरांची बंदी घातली. पुढच्याच वर्षीं लहान गांवांसाठीं अंतर कमी झालें आणि नगरपालिकांच्या हद्दी वगळल्या गेल्या. त्या बंदीचें काय उरलें तें ज्याच्या त्याच्या गांवाच्या वेशीवर दिसतें.

मर्यादा कडक असली तरी तिच्या पलीकडे काय घडतें याचें मुंबईंतलें एक उदाहरण न्यायालयीन नोंदींत आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटें वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोंपलेल्या मजुरांवर एक मोटार गेली. सात माणसें मेलीं, आठ जखमी झालीं. चालकाच्या रक्तांत शंभर मिलिलिटरमागें ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालें. ग्रँड रॅपिड्सच्या कोष्टकांत हा आंकडा सहा-सातपटीच्या पायरीच्याहि वर बसतो. सर्वोच्च न्यायालयानें १२ जानेवारी २०१२ रोजीं सदोष मनुष्यवधाबद्दलची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. मेलेल्यांपैकीं कोणीहि रस्त्यावर चालत नव्हतें, रस्ता ओलांडीत नव्हतें. दिवसभर काम करून तीं निजलीं होतीं.

असे मृत्यु देशांत किती होतात, हें मात्र सरकारी आंकड्यांवरून नीट कळत नाहीं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं मद्य किंवा अमली पदार्थ हें कारण म्हणून शेंकडा दोन-तीन मृत्यूंपुढेंच नोंदलें आहे. अतिवेगाच्या नांवावर शेंकडा सत्तरांहून अधिक आहेत. अमेरिकेंत याच सुमारास सुमारें शेंकडा तीस मृत्यु ८० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या चालकाशीं निगडित होते. भारतांत न पिणाऱ्यांची संख्या मोठी आहे, स्त्रियांत तर फारच मोठी, हें खरें. तेवढ्यानें हा फरक भरून निघत नाहीं. नोंदवहींत एका अपघाताला एकच कारण लिहावयाचें असतें. मद्य घेऊन जो भरधाव गेला त्याचा वेग साक्षीदारांनीं पाहिलेला असतो. त्याचें रक्त कोणी पाहिलेलें नसतें. कधीं चालक पळून जातो आणि दुसऱ्या दिवशीं वकिलासह हजर होतो, तोंवर यकृतानें आपलें काम उरकलेलें असतें. कधीं चालकच मेलेला असतो, आणि त्याचें रक्त प्रयोगशाळेंत पाठविण्याचें कोणाला सुचत नाहीं. अशा वेळीं वहींत अतिवेग पडतो आणि पान उलटतें.

यकृताच्या त्या ठराविक वेगाचा एक हिशेब घरोघर उपयोगी पडण्याजोगा आहे. समजा, रात्रीं बारा वाजतां एखाद्या गृहस्थाच्या रक्तांत १५० मिलिग्रॅम अल्कोहोल होतें. तो शहाणपणानें भाड्याच्या गाडीनें घरीं आला आणि निजला. तासाला १५ या हिशेबानें आठ तासांत १२० उतरलें. सकाळीं आठ वाजतां तो दाढी-स्नान उरकून, चहा घेऊन, इस्तरीचे कपडे चढवून मुलांना शाळेंत सोडण्यासाठीं मोटार चालू करतो, तेव्हां त्याच्या रक्तांत बरोबर ३० मिलिग्रॅम शिल्लक असतें.